नळ घासला की चमकतो अन् आठवड्यात परत पांढरा होतो, तर नेमकं कशामुळं होतंय ते बघू

बोअरचं पाणी वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात ही तक्रार असतीय. सण आला की बाथरूमचे अन् सिंकचे नळ घासून चकाचक करायचे, पाहुणे येऊन जाईपर्यंत बरं दिसतंय, मग हळूहळू तोटीच्या टोकाला पांढरी कड धरते, बुडाशी खरबरीत थर चढतो, जाळीतून पाणी सरळ पडायच्या ऐवजी चार बाजूला उडायला लागतंय, आणि मग कुणीतरी सांगतं की ते गाड्यावर बाटलीत मिळणारं संडास धुवायचं ॲसिड लाव, एका मिनिटात जातंय. जातंय पण खरंच. पुढच्या वेळी मात्र थर दुप्पट जोरानं चढतो अन् त्याच्या खाली हिरवट डाग दिसायला लागतात, तेव्हा लोकं म्हणतात नळच डुप्लिकेट निघाला. मला हे कळकळीनं सांगायचंय की नळ घासायला तुम्ही कमी पडत नाहीत, नळ दिवसरात्र ओला राहतोय, आणि जोवर तो ओलेपणा थांबत नाही तोवर कितीही भारी लिक्विड आणा, थर परत येणारच.

आधी पाण्याचं बघू कारण मूळ तिथंच आहे. आपल्याकडं महाराष्ट्रात बऱ्याच भागात जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक, पाणी त्याच्या भेगांतून मुरत खाली जाताना कॅल्शियम अन् मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं, आणि ते पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटच्या रूपात असतंय म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. पाणी तापलं किंवा वाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो अन् मागं राहतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. तोच हा पांढरा थर. आपण बोलताना क्षार चढले म्हणतो. ज्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही ते पाणी जड आहे हे घरातल्या बायकांना कुठल्याही मशीनशिवाय कळतंय, त्यामुळं ती खूण पहिली धरा. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा असं दिलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. आता ६०० वाल्या पाण्याचा हिशोब करून बघा. नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात, म्हणजे चार लिटरच्या वर पाणी, आणि त्या पाण्यात अडीच ग्रॅमच्या आसपास चुना आहे. तो सगळाच काही नळावर बसत नाही, बराचसा वाहून जातो, पण त्यातला थोडा जरी रोज तोटीच्या टोकाला वाळत राहिला तरी महिन्याभरात काय होईल ते तुम्हाला दिसतंयच.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशीच्या वर, नळावरचा थेंब बघता बघता वाळतो, म्हणून उन्हाळ्यात थर लवकर चढतो. बोअरचं पाणी खोल गेलेलं असतं, तेही बऱ्याच ठिकाणी जास्त जड लागतं. टँकर लावला तर टँकरवाला आज एका विहिरीवरून भरतो उद्या दुसऱ्या, त्यामुळं एका आठवड्यात नळ बरे दिसतात अन् दुसऱ्या आठवड्यात एकदम पांढरेफटक. आपलं काही बदललं नाही मग असं का असं वाटत असेल तर टँकर कुठून भरला ते एकदा विचारा.

आता नळावर जे दिसतंय ते नक्की काय आहे हे ओळखल्याशिवाय काहीही लावू नका, कारण इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो, सगळ्या डागांना एकच औषध चालत नाही. पांढऱ्या थरावर लिंबाचे दोन थेंब टाका अन् जवळून बघा, बारीक बुडबुडे आले तर चुनखडी आहे, साध्या लिंबूसत्वानं (किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड) निघेल. बुडबुडे आले नाहीत अन् हाताला चिकट, राखाडी, ओशट लागतंय तर तो साबणाचा थर आहे, जड पाणी अन् अंगाचा साबण एकत्र आले की फेस होत नाही, त्याचा असा मेणचट पापुद्रा होतो. त्याच्यावर कितीही लिंबू लावा, लिंबू आत पोचतच नाही. आधी भांडी घासायचं लिक्विड अन् कोमट पाण्यानं तो ओशटपणा काढायचा आणि मगच लिंबूसत्व. बाथरूममधल्या नळाला बहुतेक वेळा हे दोन्ही थर एकावर एक असतात, आणि 'लिंबू लावून बघितलं पण काही झालं नाही' असं जे लोक सांगतात त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतंय.

तांबूस-तपकिरी डाग असेल तर ते लोखंड. घरातला पाईप जुना जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असला की सकाळी पहिलं पाणी लालसर येतं, ते नळाच्या बुडाशी अन् सिंकमध्ये ओघळाच्या रेघा सोडतं. कोमट लिंबूसत्वानं हे बऱ्यापैकी जातं, पण पाईप बदलेपर्यंत परत येत राहणार हे धरून चाला. आणि काही ठिपके असे असतात की बुडबुडे येत नाहीत, ओशट नाहीत, लाल पण नाहीत, नुसते काचेसारखे घट्ट बसलेले. ते सिलिकाचे, आपल्या खडकातूनच येतात. लिंबू, व्हिनेगर त्यांचं काही करू शकत नाही. मऊ कपड्यावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन हळूहळू चोळलं तर फिके होतात, पूर्ण जातील असं सांगणार नाही. आणि त्यासाठी तारेची घासणी घेऊन बसू नका.

हिरवा डाग किंवा मधेच सोनेरी-पिवळा ठिपका दिसला तर थांबा. बहुतेक चांगला नळ आतून पितळेचा असतो, त्याच्यावर निकेलचा थर अन् सगळ्यात वर क्रोमचा थर असतो, आणि ही वरची क्रोम एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असते, एक मिलीमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग पण नाही. जी चमक आपण बघतो ती एवढीच आहे. हे कळलं की घासणी हातात घेताना आपोआप जपून घेतली जाते. पिवळा ठिपका म्हणजे तिथली क्रोम अन् निकेल दोन्ही गेलं, पितळ उघडं पडलं, आणि हिरवं म्हणजे त्या पितळेतलं तांबं गंजायला लागलं. तिथं आता कुठलंच लिक्विड चमक परत आणत नाही. आणि एखादा नळ हाताला हलका लागतोय, वरून फोड आल्यासारखा फुगलाय, पापुद्रे सुटतायत, तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा आहे, त्याला आंबट काहीच लावू नका, आहे ते पण जाईल.

बाटलीतल्या ॲसिडचं आता सांगतो. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये अन् तसल्या बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते चुनखडी खातं तशीच क्रोम पण खातं. लावल्यावर नळ लगेच स्वच्छ दिसतो पण त्या पातळ थराला बारीक बारीक खड्डे पडलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत, हात फिरवला तर कधीकधी किंचित खरबरीत लागतं. त्या खड्ड्यांत पाणी अडकतं, लवकर सुकत नाही, तिथं नवीन चुना पक्का धरून बसतो. म्हणून ॲसिड मारलेला नळ पुढच्या वेळी आणखी लवकर पांढरा होतो, मग आपण आणखी ॲसिड मारतो, आणि वर्षाकाठी नळ हिरवा पडून बदलायची वेळ येते. हे चक्र मी किती घरात बघितलंय. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर किंवा कुठलंही ब्लीच आणि ॲसिड, अगदी लिंबूसत्व किंवा व्हिनेगर सुद्धा, एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आपली बाथरूम लहान असतात, एक छोटी खिडकी असते किंवा तीही नसते, आणि आतमध्ये बाई दार लोटून घासत बसलेली असते. छातीत जाऊन बसतो तो वायू. ब्लीच अन् आंबट यातली एका दिवशी एकच वस्तू वापरायची, भरपूर पाण्यानं धुवायचं, दार-खिडकी उघडी ठेवायची.

बरं, मग काढायचं कसं. किराणा दुकानात लिंबूसत्व मागा, काहीजण निंबूसत पण म्हणतात, पुडीवर सायट्रिक ॲसिड लिहिलेलं असतं, ढोकळ्याला अन् सरबताला वापरतात तेच. चहाच्या एका कपभर कोमट पाण्यात सपाट दोन छोटे चमचे टाकून हलवा, एवढं पुरतं. व्हिनेगर असेल तर त्यात निम्मं पाणी घाला. नळ आधी लिक्विडनं धुवून घ्यायचा, मग जुन्या धोतराचा नाहीतर मऊ सुती कपड्याचा तुकडा त्या पाण्यात भिजवून जिथं थर आहे तिथं गुंडाळायचा, बुडाशी जिथं नळ भिंतीला किंवा बेसिनला टेकतो तिथं नीट दाबून बसवायचा, वरून प्लास्टिकची पिशवी अन् रबर बँड. वीस मिनिटं ठेवा. जास्तीत जास्त अर्धा तास. रात्रभर ठेवा असं बरेच जण सांगतात, ते क्रोमच्या नळाला अजिबात करू नका, साधं लिंबू असलं तरी रात्रभरात बारीक छिद्रातून खाली उतरतं अन् खालच्या धातूला लागतं. वीस मिनिटांनी काढा, जुन्या टूथब्रशनं घासा, धुवा, बघा. थर जाडच असेल तर परत नवीन पाण्यात कपडा भिजवून वीस मिनिटं. वर्षानुवर्षाचा थर एका दमात निघत नसतो, दोन-तीन दिवस थोडं थोडं केलेलं बरं. आणि निघताना तो चिखलासारखा मऊ होऊन निघतो, तेव्हा नखानं किंवा लाकडी चमच्याच्या टोकानं हळूच खरवडलं तरी चालतंय, सुरी अन् स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा.

पाण्याचा विचार करून ही पद्धत सांगतोय हे पण लक्षात घ्या. नळ साफ करायला नळच धो धो सोडून ठेवायचा ही चैन आपल्याला परवडणारी नाही, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे विसरायला आपण काय लांबचे नाहीत. एक कप लिंबूसत्वाचं पाणी अन् धुवायला एक-दीड तांब्या, बास.

पोह्यावर पिळून झालेलं लिंबू फेकू नका. त्या अर्ध्या फोडीचा आतला भाग तोटीच्या तोंडाला टोपीसारखा बसवायचा, रबर बँड लावायचा, दहा-पंधरा मिनिटांनी काढून धुवायचं. टोकाची ती पांढरी कड याच्यानं मस्त निघते. उन्हाळ्यात लिंबू महाग असतं म्हणून नवीन लिंबू यासाठी कापायची गरज नाही, पिळलेल्यात पण भरपूर आंबट शिल्लक असतं.

खायचा सोडा अन् व्हिनेगर एकत्र करून फस्स फेस काढून नळावर ओततात, ते मोबाईलवर बघायला छान वाटतं, पण आंबट अन् सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि मागं जे उरतं त्याच्यात चुना काढायची ताकद राहत नाही. सोडा वापरायचाच असेल तर वेगळा, ओशटपणा काढायला. राखेनं नळ घासतात ते पण नको, राख भांड्याला ठीक आहे, क्रोमला ओरखडे पाडते आणि ती आंबटाच्या उलट, चुन्याच्या बाजूचीच वस्तू आहे, चुना काढत नाही. थंड पेयानं नळ धुवायचं पण काहीजण सांगतात, होतं थोडं काम त्यातल्या ॲसिडनं, पण साखर चिकटून मुंग्या लागतात.

एक गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाथरूममधला कुठला नळ सगळ्यात जास्त पांढरा आहे ते बघा. बहुतेक घरात तो खालचा नळ असतो, ज्याच्याखाली बादली ठेवून कपडे धुतात. कपड्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो जड पाण्यात पडला की पाण्यातला कॅल्शियम लगेच चुना होऊन बाहेर पडतो. पावडरीसाठी ते चांगलंच आहे, कारण पाणी मऊ होऊन फेस येतो. पण ते शिंतोडे नळावर उडतात अन् तिथंच वाळतात. म्हणजे रोज आपणच नळावर पातळ चुन्याचा हात मारतोय. कपडे धुवून झाले की त्या नळावर एक तांब्या साधं पाणी टाका आणि कपड्यानं पुसा, एवढ्यानं त्या नळाचा अर्धा त्रास कमी होतो. तसंच आरओ मशीनमधून बाजूला निघणारं पाणी. ते वाया घालवू नका हे बरोबर आहे, फरशी पुसायला वापरा, संडासात टाका, पण नळ, सिंक अन् काचेला ते पाणी लावू नका, कारण मशीननं पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार सगळे त्याच्यात साठलेले असतात, ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त जड असतं.

गरम पाण्याच्या नळावर थर जास्त का, असं पण विचारतात. चुना गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतो, म्हणून गिझर अन् सोलरच्या लाईनमध्ये तो आधी आत बसतो आणि मग त्याचे बारीक खडे सुटून नळाच्या जाळीत अन् शॉवरच्या भोकात अडकतात. गरम नळाची धार कमी झाली, थंडाची बरोबर आहे, तर नळाला दोष देऊ नका, जाळी उघडून बघा. पालिकेचं पाणी चार-आठ दिवसाला येणाऱ्या गावात तर पाणी सुटल्यावर पहिल्या धारेला पाईपातला गाळ पण येतो, तोही तिथंच अडकतो. जाळी हातानं फिरत नसेल तर पान्ह्याच्या दातांना कपडा गुंडाळा मग धरा, नाहीतर क्रोमवर कायमचे ओरखडे पडतात. तरीबी हलत नसेल तर जोर करू नका, लिंबूसत्वाचं कोमट पाणी पिशवीत भरून टोकाला वीस मिनिटं बांधा आणि परत फिरवा. निघाली की आतली रबरी रिंग वेगळी काढून ठेवा, प्लास्टिकची जाळी तासभर भिजवली तरी चालते, तिला क्रोम नसते. खडे झटकून, ब्रशनं घासून, ज्या क्रमानं काढलं त्याच्या उलट क्रमानं बसवा, काढताना मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला की चुकत नाही. शॉवरची जाळी पण अशीच, आणि वॉशिंग मशीनच्या पाईपच्या तोंडाशी एक छोटी जाळी असते ती पण बघून घ्या, मशीनमध्ये पाणी भरायला उशीर लागतोय म्हणून मेकॅनिक बोलवायच्या आधी.

आता मुद्द्याचं, गळणारा नळ. ज्या नळाच्या टोकाला चुन्याचा अक्षरशः काटा तयार झालाय तो नळ रात्री बंद केल्यावर पण ठिबकतोय हे नक्की समजा. रात्री सगळे झोपायच्या आधी टोक कोरडं पुसा, तासाभरानं बोट लावून बघा. ओलं लागलं तर आधी गळती, मग साफसफाई, उलटं केलं तर सगळी मेहनत वाया. जुन्या पद्धतीचा, चार-पाच फेरे फिरवायचा नळ असेल तर बहुतेक आतला रबरी वायसर झिजलेला असतो, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात अगदी किरकोळ पैशात मिळतो. टाकीचा कॉक बंद करा, डोकं खोला, जुना वायसर काढून दुकानात घेऊन जा म्हणजे मापाचा मिळतो. वायसर ज्या गोल कडेवर बसतो तिथं चुना चिकटलेला असेल तर तो लिंबूसत्वाच्या कपड्यानं काढा, नाहीतर नवीन वायसर पण नीट बसत नाही, गळतंच राहतं अन् लोक म्हणतात वायसर बोगस. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, त्यांच्यामध्ये चुन्याचा खडा आला की ओरखडा पडतो आणि मग गळती दाबून बंद केल्यानं थांबत नाही, जोरानं पिळलं तर स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर आत फिरणारा भाग, तुटतं. आतलं स्पिंडल काढून रबरी रिंगा वेगळ्या करा, लिंबूसत्वात थोडा वेळ भिजवून बघा, नाही थांबलं तर स्पिंडल बदला, पूर्ण नळ बदलायची गरज नसते. नळाच्या मुठीखालून पाणी झिरपत असेल तर तेही बघा, कारण त्या झिरपलेल्या पाण्याचाच थर बुडाशी चढत असतो आणि आपल्याला वाटतं वरून शिंतोडे उडतायत.

गळती थांबली की राहतं ते पुसणं. सिंकजवळ एक सुती कपडा टांगून ठेवा, फक्त नळासाठी. रात्री भांडी आवरून झाली की नळ एकदा कोरडा पुसायचा, टोक अन् बुड विसरायचं नाही. दिवसभर दर वेळी पुसा असं मी सांगणार नाही, कुणाकडून होत नाही ते. रात्री मात्र पाच-सहा तास नळ कुणी वापरत नाही, तेव्हा त्याच्यावर जे पाणी राहतं ते पूर्ण वाळतं, म्हणून रात्रीचं पुसणं सगळ्यात जास्त कामाचं. घरातल्या पोरांना लावा हे काम, सासू-सुनेनंच करायचं असं काही नाही. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट नळावर फिरवून कोरड्या कपड्यानं चोळून काढलं तर पाणी थेंब होऊन घरंगळतं, बसून राहत नाही. स्वयंपाकघरात धुराळा असतो तिथं तेल अगदी नावापुरतंच लावा, नाहीतर धूळ चिकटते.

पितळेच्या तोटीचं वेगळं आहे. जुन्या वाड्यात, गावाकडच्या हौदाला, पाणी तापवायच्या बंबाला अजून पितळी तोट्या आहेत, त्याला क्रोमच नसते त्यामुळं भीती कमी. काळपट पडलं की चिंचेचा कोळ अन् मीठ, नाहीतर लिंबू-मीठ, चोळायचं, पाच मिनिटांत रंग येतो, पितांबरी पण चांगली. चिंचेतलं आंबट वरचा काळा थर विरघळवतं अन् मिठानं ते काम लवकर होतं. पण चिंच लावून विसरून जाऊ नका, जास्त वेळ राहिलं तर पितळ गुलाबीसर पडतं, वरचं जस्त निघून जाऊन तांबं दिसायला लागतं. धुतल्यावर ताबडतोब कोरडं करा, ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी परत डागाळलेलं दिसेल. बंबाच्या तोटीवर काळ्याबरोबर चुना पण असतो, तिथं आधी लिंबूसत्व अन् मग चिंच.

काळे मॅट नळ अन् सोनेरी नळ आता नवीन घरात लावायलेत, त्याला फक्त साबणाचं पाणी अन् मऊ कपडा. लिंबूसत्व लावायचंच असेल तर एकदम फिकं करून, मागच्या बाजूला जिथं दिसत नाही तिथं आधी लावून बघा, दोन-तीन मिनिटांत धुवून टाका. जड पाण्याच्या गावात काळा मॅट नळ घेऊच नका असं मी सांगेन, त्याच्यावर पांढरं सगळ्यात उठून दिसतं अन् घासताही येत नाही.

आणखी एक जपायची गोष्ट, नळाच्या खालची फरशी. आपल्याकडं मोरीला शहाबादी आणि ओट्याला कडप्पा असतो, हे दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर, चिंच त्यावर ठिबकलं तर दगड खाल्ला जातो, चमक जाऊन पांढरट डाग पडतो, तो परत घासून निघत नाही, पॉलिशच करावं लागतं. जुन्या मोझॅक फरशीचं पण तसंच, संगमरवराचे तुकडे असतात त्यात. म्हणून नळाला कपडा गुंडाळायच्या आधी खाली पाण्यानं भरलेलं टमरेल किंवा ताट ठेवा, शिंतोडा पडलाच तर लगेच पाणी ओता. ग्रॅनाइट असेल तर एवढी काळजी नको.

तुरटी फिरवल्यानं पाणी मऊ होतं असं समजून बरेच जण टाकीत तुरटी टाकतात, तुरटी गाळ खाली बसवते, विरघळलेला चुना काढत नाही. पाईपला बाहेरून लावायचे मॅग्नेट विकायला येतात त्यावर पैसे घालू नका, मला त्याचा भरवसा नाही. सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्र, खरंच काम करतो, त्यातलं रेझिन कॅल्शियम धरून त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं, पण ठरावीक दिवसांनी त्याला मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं अन् ते खारं पाणी बरंच वाया जातं, झाडाला पण घालता येत नाही. पाणी विकत घेणाऱ्या घराला हे परवडेल का याचा आधी हिशोब करा. भाड्याच्या घरात तर सांगणारच नाही. फक्त गिझरच्या अन् वॉशिंग मशीनच्या आधी बसवायची पॉलीफॉस्फेटची छोटी बाटली मिळते, ती चुना बसणं सावकाश करते, खर्च कमी, पिण्याच्या लाईनला मात्र ती लावू नका. पाणी नक्की किती जड आहे ते कळायला टीडीएस मीटरवर अवलंबून राहू नका, तो सगळे क्षार एकत्र मोजतो, मीठ पण आणि चुना पण. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं, तिथं एकूण कठीणपणा किती ते विचारा.

ज्यांच्याकडं जायकवाडीचं किंवा दुसऱ्या धरणाचं नळाचं पाणी अन् बोअर दोन्ही आहे आणि दोन्ही एकाच टाकीत पडतंय, त्यांनी जमलं तर एक छोटी टाकी वेगळी करून सिंक अन् बेसिनला नुसतं धरणाचं पाणी द्या, ते बोअरपेक्षा सहसा मऊ असतं. संडास, मोरी, धुणं बोअरवर. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे, नळ, गिझर, मशीन सगळ्यांचंच आयुष्य वाढतं. हे जर जमत असेल तर वरच्या सगळ्यापेक्षा आधी हे करा.

आणि नळ बदलायचाच झाला, क्रोम उडून हिरवा पडलाय, स्पिंडल पण मिळत नाही, तर दुकानात हातात घेऊन वजन बघा, पितळेचा नळ चांगला जड लागतो. जाळी नाण्यानं किंवा हातानं सहज निघते का ते दुकानातच फिरवून बघा आणि त्याचं स्पिंडल वेगळं मिळतं का हे विचारूनच घ्या, कारण आपल्या पाण्यात ह्या दोन गोष्टी दर काही महिन्यांनी उघडाव्या लागणार आहेत. नळावर जितकी कमी नक्षी अन् खाचा, तितकं पाणी कमी अडकतं, गुळगुळीत गोल नळ पुसायला सोपा. जुना काढलेला नळ पितळेचा असेल तर भंगारवाल्याला लोखंडाच्या भावात देऊन टाकू नका, पितळ म्हणून वेगळं वजन करायला लावा.